गुण देण्याआधीचे वाचन

पदवीच्या वर्गातले निबंध, प्रकल्प-अहवाल आणि पीएच.डी.ची प्रकरणे वाचणे हा ज्यांच्या नोकरीचा मोठा भाग असतो, त्यांच्या कानावर एक तक्रार दर सत्रात येते: मुलांना लिहिता येत नाही. तक्रार करणारे बहुतेक जण कळकळीने बोलत असतात. गठ्ठेच्या गठ्ठे तपासायचे, तीच चूक पानापानावर खोडायची आणि पुढच्या सत्रात तीच पुन्हा पाहायची, यात माणूस खचतो. मी याच कामात आहे आणि हा शीण मला ठाऊक आहे. या कामाच्या जोडीने मी उच्च शिक्षणातील लेखन-अध्यापनावरचे संशोधन वाचत आलो. ते मुख्यतः अमेरिकेत आणि काही प्रमाणात ब्रिटनमध्ये झाले आहे, आणि त्याला साठ वर्षांहून अधिक परंपरा आहे. काम आणि वाचन एकमेकांशी ताडून पाहताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. आपण विद्यार्थ्याचे लेखन काळजीपूर्वक वाचतो, पण फार उशिरा वाचतो. तोवर ते लिहून संपलेले असते, त्यावर गुण पडायचे असतात आणि लिहिणाऱ्याच्या हातात बदलण्यासारखे काही उरलेले नसते. लेखन शिकवायचे असेल तर ते अपुरे असतानाच कुणीतरी वाचले पाहिजे, आणि त्या वाचनानंतर विद्यार्थ्याला ते पुन्हा लिहायला मिळाले पाहिजे. हे माझे मत आहे, आणि ते पुराव्यावर उभे आहे असे मला वाटते.

आधी त्या तक्रारीकडेच पाहू, कारण तिच्यात निदान दडलेले आहे. मुले पूर्वी बरे लिहीत, आता बिघडली, असे ते निदान. पण ही तक्रार जुनीच आहे. हार्वर्डने १८७४ साली प्रवेशपरीक्षेत पहिल्यांदा इंग्रजीतला छोटा निबंध मागितला. शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, स्कॉट यांच्या कलाकृतींवर तो लिहायचा होता. उत्तम शाळांतून आलेल्या मुलांच्या त्या निबंधांनी परीक्षक निराश झाले, आणि पुढे पहिल्या वर्षाचा सक्तीचा लेखनवर्ग सुरू झाला. ती प्रथा अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी उचलली. शंभर वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, 'न्यूजवीक'ने मुलांना लिहिता येत नाही हाच मुखपृष्ठाचा विषय केला. म्हणजे तक्रार करणाऱ्या प्रत्येक पिढीला आपल्याआधी सुवर्णकाळ होता असे वाटत आले आहे. हा समज मोजूनही पाहिला गेला. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या निबंधांत दर शंभर शब्दांमागे १९१७ मध्ये २.११ चुका आढळल्या होत्या, १९३० मध्ये २.२४, १९८६ मध्ये २.२६ आणि २००६ मध्ये २.४५. नव्वद वर्षांत प्रमाण जवळपास तेच राहिले. बदलली ती निबंधाची लांबी: सरासरी १६२ शब्दांवरून ती १०३८ शब्दांवर गेली. २००६ चे निबंध तपासणाऱ्या अँड्रिया लन्सफर्ड आणि कॅरन लन्सफर्ड यांना असेही दिसले की निबंधांचा प्रकार पालटला आहे. आत्मपर लेखनाच्या जागी संदर्भ देऊन युक्तिवाद करणारे लेखन आले होते. विद्यार्थी पूर्वीपेक्षा लांब आणि अवघड लिहीत होते, आणि चुका जवळपास पूर्वीच्याच प्रमाणात करत होते. याला ऱ्हास म्हणता येणार नाही.

मग उपायांकडे वळू. लेखन सुधारायचे तर व्याकरण पक्के करा, हा सर्वांत जुना उपाय. रिचर्ड ब्रॅडॉक, रिचर्ड लॉइड-जोन्स आणि लोवेल शोअर यांनी १९६३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. व्याकरणाचे स्वतंत्र, औपचारिक अध्यापन लेखन सुधारण्यात नगण्य ठरते, आणि प्रत्यक्ष लेखनाच्या सरावाचा वेळ खात असेल तर घातकही ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जॉर्ज हिलॉक्स यांनी १९८६ मध्ये पुढच्या दोन दशकांतले प्रयोग एकत्र करून त्यांच्या परिणामांची तुलना केली, तेव्हाही व्याकरणाचे तास तळाशीच राहिले. हिलॉक्स यांचा दुसरा निष्कर्ष मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. शिक्षकाने चांगल्या लेखनाचे नियम व्याख्यानातून सांगावेत आणि नंतर निबंध तपासावा, ही रूढ पद्धत फारशी उपयोगी ठरली नाही. मुलांना नुसते मोकळे सोडून हवे ते लिहू द्यावे, ही उदार पद्धतही पुरी पडली नाही. सर्वांत जास्त फरक पडला तो शिक्षकाने ठरावीक कौशल्यासाठी नेमके काम आखले, हाताशी सामग्री दिली आणि मुलांनी लहान गटांत त्यावर डोके लढवून मग लिहिले तेव्हा. म्हणजे शिक्षकाची खरी गरज लेखनाच्या आधी आणि लेखन चालू असताना असते.

चालू लेखनात नेमके काय घडते, हा प्रश्न विचारायलाही बराच काळ जावा लागला. जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना लिहिताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले आणि ते बारकाईने नोंदवले. आधी आराखडा, मग लेखन, मग दुरुस्ती, असा पाठ्यपुस्तकांतला सरळ क्रम प्रत्यक्षात कुणी पाळत नव्हते. लिहिणारा पुढे जातो, मागे येतो, थांबतो, आणि बऱ्याचदा लिहिता लिहिताच त्याला आपले म्हणणे सापडते. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये पहिल्या वर्षाचे २० विद्यार्थी आणि २० अनुभवी प्रौढ लेखक यांच्याकडून तीन-तीन निबंध लिहून घेतले आणि प्रत्येक निबंध दोनदा पुन्हा लिहायला लावला. विद्यार्थ्यांनी मुख्यतः शब्द बदलले: हा शब्द दोनदा आला, तो हलका वाटतो, इतकेच. अनुभवी लेखकांनी वाक्ये टाकली, काढली, परिच्छेद हलवले. पहिल्या खर्ड्यात आपले म्हणणे अजून पुरते गवसलेले नाही असे ते धरून चालत होते, आणि वाचणाऱ्याला काय वाटेल हे मनात ठेवून मजकूर पुन्हा तपासत होते. दोघांमधला फरक प्रतिभेचा असेल असे म्हणून सोडून देता येईल. पण त्यांच्या लेखनाच्या इतिहासात एक ठळक फरक होता. अनुभवी लेखकांनी संपादक, सहकारी, समीक्षक यांच्या वाचनातून आपला मजकूर पुन्हा पुन्हा नेला होता. विद्यार्थ्यांचे लेखन तोवर फक्त तपासले गेले होते.

तपासणीतून विद्यार्थ्यापर्यंत काय पोचते, हेही सॉमर्स यांनी पाहिले. १९८२ मधल्या त्यांच्या अभ्यासात ३५ शिक्षकांच्या समासातल्या टिपा होत्या. त्यातल्या बहुतेक टिपा एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवल्या तरी चालल्या असत्या, इतक्या त्या सर्वसाधारण होत्या. त्याहून गंभीर म्हणजे एकाच परिच्छेदात एक टीप वाक्याचे शब्द सुधारायला सांगत होती आणि शेजारची टीप तो परिच्छेदच नव्याने मांडायला सांगत होती. जो मजकूर बदलायचा आहे त्याचा स्वल्पविराम दुरुस्त करण्यात काय अर्थ, हे विद्यार्थ्याने कसे ठरवायचे? आपल्याकडच्या तपासलेल्या निबंधांवरही 'मुद्दे विस्कळीत', 'विस्तार हवा', 'भाषा सुधारा' हेच शेरे पिढ्यानपिढ्या उमटत आले आहेत. ते खोटे नसतात. पण अंतिम प्रतीवर लिहिलेला शेरा हा निकालाचे कारण सांगतो. त्यावरून पुढे काही करायची सोय त्यात नसते. गाणे शिकवणारे गुरुजी शिष्याचा स्वर रियाजातच थांबवून दुरुस्त करतात, मैफल संपल्यावर चुकांची यादी हातात देत नाहीत. आणि विद्यार्थी शेऱ्यांकडे पाहत नाही, आधी गुण पाहतो, याचा राग धरण्यातही हशील नाही. गुणांनंतर त्या निबंधाचे काम त्याच्यापुरते खरोखरच संपलेले असते.

चुकांविषयीची समज पालटून टाकणारे काम मिना शॉनेसी यांनी केले. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये शहरातल्या हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला प्रवेश खुला केला. कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिलीच पिढी, कृष्णवर्णीय, पोर्तो रिकोहून आलेली, स्थलांतरित कुटुंबांतली मुले मोठ्या संख्येने वर्गात आली, आणि त्यांचे लेखन पाहून अनेक प्राध्यापकांनी हात टेकले. शॉनेसी यांनी प्रवेशाच्या वेळी लिहिलेले सुमारे ४००० निबंध घेऊन बसून चुकांमागची रीत शोधली. १९७७ मध्ये आलेल्या 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' या पुस्तकात त्यांनी दाखवले की चुका बेफिकिरीने होत नव्हत्या. विद्यार्थी कुठला तरी नियम अर्धवट शिकून नको तिथे लावत होते, बोलण्यातली रचना लेखनात आणत होते, किंवा विद्वत्तेची वाटणारी भाषा धरू पाहत होते आणि ती हातातून निसटत होती. त्यांनी कमी लिहिले होते, म्हणून ते नवशिक्यासारखे लिहीत होते. हे निदान महाराष्ट्रात जसेच्या तसे लागू पडते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून एकदम इंग्रजीत प्रकल्प-अहवाल लिहिणारी मुलगी इंग्रजीतले 'ए' आणि 'द' चुकवते, कारण तिच्या भाषेत त्यांच्या जागी काही नाही. प्रमाण मराठीत लिहिणारा खानदेशचा किंवा मराठवाड्याचा विद्यार्थी घरच्या बोलीतली क्रियापदे आणतो. चुकीमागचे कारण समजले की कुठून शिकवायचे ते कळते. लाल शाईने ते कारण पुसून जाते.

ब्रिटनमधल्या मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट यांच्या १९९८ च्या अभ्यासाने आणखी एक पदर उलगडला. इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांत त्यांनी शिक्षक आणि विद्यार्थी दोघांशीही बोलून, निबंध आणि शेरे पाहून काही गोष्टी टिपल्या. एका विषयात वाखाणलेला निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विषयात मांडणी आणि युक्तिवाद कच्चा असल्याचे सांगितले जात होते. चांगला युक्तिवाद म्हणजे काय, हे शिक्षकांना ओळखता येत होते, पण शब्दांत सांगता येत नव्हते, कारण ती समज त्यांच्या विषयाच्या सवयींत मुरलेली होती. लेखन हे एकदाच शिकून सगळीकडे वापरायचे कौशल्य आहे, या गृहीतकाला हा मोठा धक्का होता. इतिहासातला पुरावा, अर्थशास्त्रातला पुरावा आणि प्रयोगशाळेतला पुरावा यांची मांडणी वेगळी असते. म्हणून हे काम एकट्या भाषा विभागावर ढकलून भागत नाही. अर्थशास्त्रात कुठले विधान पुराव्याशिवाय चालत नाही, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकालाच दाखवावे लागेल, आणि ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खर्ड्यावर बोट ठेवूनच नीट दाखवता येते.

यावर पहिला आक्षेप येतो तो शुद्धतेच्या बाजूने. चुकांकडे समजुतीने पाहायचे म्हणजे चालवून घ्यायचे का? मुलाखतीत, नोकरीच्या अर्जात जग चालवून घेणार नाही. हा आक्षेप मी मनावर घेतो, कारण तो वंचितांच्या बाजूनेही मांडला गेला आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये नेमके हेच बजावले: सत्तेच्या भाषेचे नियम ज्यांच्या घरात आपोआप मिळत नाहीत, त्यांना ते शाळेने उघडपणे शिकवलेच पाहिजेत, आणि नुसत्या लेखन-प्रक्रियेच्या गोड नावाखाली ते लपवणे अन्याय आहे. डेल्पिट यांचे म्हणणे मला पूर्ण पटते, आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. प्रश्न शिकवायचे की नाही हा नाही, कधी आणि किती हा आहे. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्याचा उपयोगच नाही, असे जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये लिहिले आणि त्यावर मोठा वाद झाला. न्यूझीलंडमध्ये जॉन बिचनर यांनी २००८ मध्ये वेगळी वाट दाखवली: इंग्रजी शिकणाऱ्यांच्या लेखनात फक्त 'ए' आणि 'द' यांच्या दोन उपयोगांपुरतीच दुरुस्ती केली, तेव्हा सुधारणा झाली आणि ती टिकली. पानभर खुणा करण्याऐवजी एका वेळी एकच चूक धरा, तिचे कारण समजावून द्या आणि तोच मजकूर पुन्हा लिहायला लावा. कडक शुद्धतेच्या आग्रहीलाही यात आपले उद्दिष्ट साधलेले दिसेल.

दुसरा आक्षेप संशोधनाच्या ताकदीवरचा आहे. एमिग यांचे आठ विद्यार्थी, सॉमर्स यांचे चाळीस लेखक, यावर एवढी इमारत कशी उभी करायची? ही शंका या क्षेत्राच्या आतूनही आली आहे. रिचर्ड हॅसवेल यांनी २००५ मध्ये लेखन-अध्यापनाच्या अमेरिकी संस्थांना जाहीरपणे सुनावले की पुन्हा करून पाहता येईल असे, आकडेवारीचा आधार असलेले संशोधन त्यांनी वाऱ्यावर सोडले आहे. तो टोला योग्य होता. पण लहान अभ्यास काय घडते ते दाखवतात, आणि ते किती व्यापक आहे हे मोठ्या अभ्यासांनी तपासायचे असते. पॉल अँडरसन, ख्रिस अॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ८० अमेरिकी विद्यापीठांतल्या ७०,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किती पाने लिहिली यापेक्षा तीन गोष्टींचा सखोल शिक्षणाशी अधिक संबंध दिसला: लिहीत असताना कुणाशी तरी चर्चा आणि खर्ड्यावर प्रतिसाद, स्वतः अर्थ लावायला लावणारे काम, आणि अपेक्षा आधीच स्पष्ट सांगणे. ही विद्यार्थ्यांची स्वतःविषयीची उत्तरे आहेत, त्यामुळे कार्यकारणाचा अंतिम पुरावा ती देत नाहीत. तरी आठ जणांचे निरीक्षण, प्रयोगांची तुलना आणि हजारो विद्यार्थ्यांची पाहणी अशा तीन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचत असतील, तर त्या ठिकाणावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि तो आपल्या कॉलेजांतून येतो. अमेरिकेतली लेखन-शिक्षकांची संघटना एका वर्गात वीसपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत असे सांगते. आपल्याकडे पदवीच्या एका तुकडीत त्याच्या कितीतरी पट मुले असतात, कॉलेजांतल्या शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावरचे शिक्षक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावत असतात. अशा माणसाला खर्डाही वाचा म्हणणे क्रूरपणाचे वाटेल. इथे मी जादा काम मागत नाही. आजच्याच कष्टाची जागा बदलावी एवढेच मागतो. सत्रात चार सबमिशन घेऊन चारही अखेरीस तपासण्यापेक्षा दोनच घ्यावीत आणि प्रत्येक दोनदा पाहावे. दुसऱ्या वेळी फक्त काय बदलले तेवढेच पाहायचे असल्यामुळे ते वाचन झटपट होते. खर्ड्यावर चुका मोजायच्या नसतात. तुझे मुख्य म्हणणे मला हे वाटले, आणि या ठिकाणी मी अडखळलो, एवढी दोन वाक्ये पुरतात. नाव झाकून दोन खर्डे फळ्यावर किंवा प्रोजेक्टरवर घेतले तर सगळ्या वर्गासाठी एकच तास लागतो. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे खर्डे वाचताना 'कसे वाटले' असे विचारू नये, 'याचा दावा कोणता आणि पुरावा कोणता' असे विचारावे. तसे केले की तो वेळ वाया जात नाही. ज्या मुलीच्या घरी प्राध्यापक मामा किंवा इंग्रजी शाळेत शिकवणारी आई आहे, तिचा निबंध देण्याआधी कुणीतरी वाचतेच. ज्याच्या घरात कुणी वाचणारे नाही, त्याला पहिला वाचक परीक्षक म्हणूनच भेटतो. मोठा वर्ग हे खर्डा न वाचण्याचे कारण सांगता येईल, पण त्याची किंमत कोण मोजतो हे विसरता येणार नाही.

संशोधक विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही किंमत आणखी चढते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतर मजकुराशी साम्य दहा टक्क्यांच्या वर गेले की कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. त्यामुळे प्रबंध संपताना सॉफ्टवेअरने साम्याचा अहवाल काढायचा, लाल-पिवळे भाग पाहायचे आणि शब्द बदलून आकडा खाली आणायचा, अशी रीत अनेक ठिकाणी रुळली आहे. अमेरिकेत रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात दाखवले की स्रोतातले वाक्य उचलून त्याचे शब्द इकडेतिकडे बदलणे हे बहुतेकदा मजकूर नीट न कळल्याचे लक्षण असते, आणि ते शिकण्यातला एक टप्पा असू शकते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १८ विद्यार्थ्यांचे संशोधनपर निबंध त्यांच्या स्रोतांशी ताडून पाहिले, तेव्हा एकाही निबंधात संपूर्ण स्रोताचा सारांश सापडला नाही. विद्यार्थी लेख वाचून लिहीत नव्हते, लेखातली वाक्ये वेचून लिहीत होते. सॉफ्टवेअर हे शेवटी पकडते, शिकवत नाही. मार्गदर्शकाने पहिल्याच प्रकरणाच्या खर्ड्यावर पुस्तक मिटून या लेखकाचे म्हणणे तुमच्या शब्दांत सांगा म्हटले, तर चोरीचा प्रश्न उद्भवण्याआधीच आकलनाचा प्रश्न सुटू लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर अंतिम प्रत विचाराचा पुरावा म्हणून लंगडी पडली आहे. विचार कुठे वळला आणि का वळला, हे आता खर्ड्यांच्या ओळीतूनच कळू शकते.

म्हणून माझी मागणी साधी आणि ठोस आहे. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांपैकी काही गुण खर्ड्याला आणि त्यावरून केलेल्या पुनर्लेखनाला द्यावेत. प्रत्येक विभागाने आपल्या विषयातले चांगले लेखन कसे असते, हे दोन नमुन्यांसह लिहून विद्यार्थ्यांना आधीच द्यावे. पीएच.डी.च्या सहामाही प्रगती-अहवालासोबत प्रकरणाचा खर्डा आणि त्यावरचा मार्गदर्शकाचा लेखी प्रतिसाद जोडलेला असावा. शिक्षकाच्या कार्यभारात खर्डा वाचण्याचे तास मोजले जावेत, कारण न मोजलेले काम थकलेल्या माणसाकडून प्रथम सुटते. आज अनेक शिक्षक हे स्वतःच्या वेळेतून, कुणी न सांगता करतात, आणि त्यांचे विद्यार्थी ते जन्मभर विसरत नाहीत. पण एखाद्या विद्यार्थ्याला वेळेवर वाचक मिळणे हे त्याच्या नशिबावर किंवा शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. ते वाचन हेच लेखनाचे अध्यापन आहे, आणि विद्यापीठांनी ते अभ्यासक्रमात, वेळापत्रकात आणि कार्यभारात लिहून ठेवले पाहिजे.